आगमनकाळातील मौन आणि प्रतीक्षा

ख्रिस्ती उपासना वर्ष आगमनकाळाने सुरू होते. नाताळापूर्वीचे चार रविवार या काळात येतात. संत आंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला असतो. त्याला सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला दिवस. त्यामुळे आरंभ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो आणि काळाची लांबी दरवर्षी बदलते. २०२२ मध्ये तो पूर्ण २८ दिवसांचा होता. २०२३ मध्ये चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला आणि काळ २२ दिवसांत संपला. ज्यांना रोजचा काही नेम धरायचा असेल त्यांनी आधी कॅलेंडर पाहावे. चार आठवड्यांचे वेळापत्रक आखून बसल्यावर शेवटचा आठवडा एकाच दिवसाचा निघाला की सगळे गणित कोलमडते.

हातातली गोष्ट ठरलेल्या दिवसापर्यंत राखून ठेवायची, ही या काळाची रीत आहे. मौन आणि धीर ही तिचीच दोन अंगे. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, रविवारचे गौरवगीत या काळात गात नाहीत. ते नाताळच्या रात्री पुन्हा ऐकू येते. आलेलुया हा स्तुतीचा घोष मात्र चालू राहतो, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाशी असलेला मोठा फरक तो हाच. वेदीवरची फुले व वाद्ये बंद नसतात, पण बेताने वापरावीत असा उपासनेचा नियम आहे, कारण नाताळचा पूर्ण आनंद आधीच उधळला जाऊ नये. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. तिसऱ्या रविवारी, म्हणजे आनंदाच्या रविवारी, ती गुलाबी घालता येतात. पूर्वी या दिवसांत थाटामाटाची लग्नेही लागत नसत. आज तशी बंदी नाही, तरी गोव्यात आणि वसईत अनेक घरे अजूनही मुहूर्त आगमनकाळाच्या आधीचा किंवा नाताळनंतरचा धरतात.

इतिहास उपवासाचा आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला होता. रोममध्ये हा काळ आखूड होत चार रविवारांवर स्थिरावला; मिलानच्या अँब्रोझी उपासनापद्धतीत तो अजूनही सहा आठवड्यांचा आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळापूर्वी ४० दिवसांचा उपवास असतो. केरळच्या सिरो-मलबार चर्चमध्ये १ डिसेंबरपासून ‘पंचवीस दिवसांचा उपवास’ पाळतात व मांसाहार टाळतात. मुंबई-ठाणे परिसरातील कल्याण धर्मप्रांताच्या मल्याळी घरांतही तो दिसतो. रोमन कॅथलिकांवर आता आगमनकाळाचा वेगळा उपवास बंधनकारक नाही. जिभेवरचा उपवास सुटल्यामुळे वाट पाहण्याची शरीराला असलेली सवयही मोडली. तिच्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक घराला स्वतःच सोडवावा लागतो.

जखऱ्याचे मौन

१६ डिसेंबरपर्यंतच्या वाचनांचा रोख ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे असतो. यशया संदेष्ट्याची वाचने सुरुवातीला येतात आणि मग बाप्तिस्मा करणारा योहान पुढे येतो. १७ डिसेंबरपासून वाचने थेट जन्माकडे वळतात आणि तारखांना बांधलेली असतात. १९ तारखेला लूकच्या पहिल्या अध्यायातील जखऱ्या याजकाची कथा वाचतात. मंदिरात धूप जाळत असताना देवदूत त्याला मुलगा होणार असे सांगतो. जखऱ्याला ते पटत नाही, आणि त्याची वाचा जाते. बाहेर लोक ताटकळत उभे असतात व तो नुसत्या खुणा करत राहतो. २० ला मरीयेला, येशूच्या आईला, संदेश येतो, २१ ला ती जखऱ्याची पत्नी अलीशिबा हिच्या भेटीला जाते, २२ ला मरीयेचे स्तोत्र येते. जखऱ्या या तिन्ही दिवशी गप्पच आहे. २३ ला मुलाच्या नावावरून नातेवाइकांत वाद होतो. तेव्हा तो पाटी मागून त्यावर ‘याचे नाव योहान आहे’ असे लिहितो आणि त्याला वाचा फुटते. २४ च्या सकाळी त्याचे स्तुतिगीत वाचले जाते.

आगमनकाळातल्या मौनाचा यापेक्षा नेमका पाठ दुसरा नाही. जखऱ्याने मौन निवडलेले नव्हते, ते त्याच्यावर आले. त्या नऊ-दहा महिन्यांत त्याला एकही प्रश्न विचारता आला नाही. आणि जे पहिले शब्द निघाले ते स्तुतीचे होते. १९ ते २४ डिसेंबर ही सहा वाचने रोज एक अशी क्रमाने वाचली, मागेपुढे केली नाहीत, तर कथेतले थांबणे वाचणाऱ्यालाही जाणवते. एकाच बैठकीत अध्याय उरकणाऱ्याला ते सापडत नाही.

याच सप्ताहात, १७ ते २३ डिसेंबरला, संध्याप्रार्थनेत मरीयेच्या स्तोत्राआधी सात प्राचीन पालुपदे येतात. प्रत्येकात ख्रिस्ताला एकेका नावाने हाक मारलेली असते: ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. दिवसाला एक नाव घेऊन त्यावर पाच मिनिटे गप्प बसणे, ही अगदी नवख्यालाही जमणारी साधना आहे.

घरातील नेम

आगमनचक्र, म्हणजे पाल्याने सजवलेले मेणबत्त्यांचे कडे, ही मूळची जर्मन प्रथा. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिच विकर्न हे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, असे मुले सारखी विचारत म्हणून त्यांनी १८३९ मध्ये एका गाडीच्या चाकावर २० लहान तांबड्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान आणि रविवारी एक मोठी मेणबत्ती पेटवली जाई. पुढे चारच मेणबत्त्या उरल्या. कॅथलिक घरांत तीन जांभळ्या व एक गुलाबी असते.

आपल्याकडे चक्र करताना ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाचे कडे पुरते. पाला बहुधा सुरूचा मिळतो. तो चार-पाच दिवसांत वाळतो आणि वाळला की चटकन पेट घेतो. म्हणून पाला वाळायच्या आत बदलावा, मेणबत्तीच्या बुडापासून चार बोटे दूर ठेवावा आणि चक्राखाली स्टीलची परात ठेवावी. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते. रोज १५ मिनिटे धरली तर लांब काळात तिचे सात तास होतात. वाढदिवसाच्या केकवरच्या किंवा बारीक मेणबत्त्या इतक्या टिकत नाहीत. निदान दोन सेंटिमीटर जाडीच्या घ्याव्यात. शेवटी चौघींची उंची पायऱ्यांसारखी कमी-जास्त दिसते. ती सारखी करण्यासाठी मेणबत्त्यांची अदलाबदल करू नये, कारण सरलेले दिवस त्या उंचीतच दिसतात.

प्रार्थनेचा क्रम साधा असावा. आधी पंखा बंद करावा. ज्योत फडफडत नाही हे खरेच, शिवाय पंख्याची घरघर थांबली की घरातली शांतता कानांना कळते. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. उलटा ठेवलेला मोबाईलही लक्ष खेचतो. दिवा मालवून मेणबत्ती पेटवावी. पहिल्या आठवड्यात घरातल्या सर्वांत लहानग्याने पेटवायची, अशी अनेक घरांची चाल आहे. एक मिनिट काही न बोलता बसावे. मग पाच-दहा ओव्या सावकाश वाचाव्यात (यशया ४० च्या पहिल्या ११ ओव्या सुरुवातीला चांगल्या), पुन्हा तीन मिनिटे शांत राहावे, प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि उठावे. सगळे मिळून दहा-बारा मिनिटे लागतात. लहान मुले असतील तर शांततेचे मिनिट एकच ठेवावे. मुलांना दटावत काढलेल्या पाच मिनिटांतून काही हाती लागत नाही.

एकट्याने करायचे असेल तर जुन्या मठांतली वाचनपद्धत उपयोगी पडते. तिच्या वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन या चार पायऱ्या बाराव्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसी मठाधिपतीने नीट मांडल्या. वीस मिनिटे बांधून घ्यावीत. एकच उतारा दोनदा वाचावा, जिथे मन अडते ती ओवी धरावी, तिच्यावरून देवाशी बोलावे आणि शेवटची पाच मिनिटे बोलणेही सोडावे. ही शेवटची पायरीच बहुतेक जण गाळतात. काही घडत नाहीसे वाटते आणि हात पुढच्या उताऱ्याकडे जातो. काही न घडता बसून राहणे, हाच तिथला अभ्यास आहे.

उगवण्याची वाट

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहणारा शेतकरी येतो. युरोपातल्या दोन चालींत हा धीर हाताने करायचे काम होतो. दोन्ही ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी सुरू होतात. जर्मनी व ऑस्ट्रियात चेरीची फांदी तोडून पाण्यात ठेवतात. नाताळापर्यंत ती फुलावी अशी अपेक्षा असते. फांदीने आधी कडाका सोसलेला असावा लागतो. थंडी पडलीच नसेल तर ती रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग कोमट पाण्यात बुडवतात, टोक तिरके कापतात व दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलतात. हीटरजवळ ठेवली तर कळ्या उमलण्याआधीच सुकतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये त्याच दिवशी तीन बशांत गहू पेरतात.

गव्हाचा प्रकार कोकणातही आहे. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यातले शेत म्हणून गहू किंवा नाचणी उगवतात. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांना हे धान्य नवे नाही. मूठभर गहू रात्रभर भिजवावेत, पसरट ताटलीत ओल्या कापसावर किंवा बोटभर मातीवर दाणे एकमेकांना टेकतील असे एकाच थरात पसरावेत, दोन दिवस झाकावेत, मग उजेडात ठेवून दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. आठ-दहा दिवसांत वीतभराच्या आत हिरवळ येते. पाणी साचले तर बुरशी धरते आणि आंबूस वास येतो. अंधारात ठेवले तर पाती पिवळट व लांबट होतात. आपल्या हवेत ४ डिसेंबरला पेरलेला गहू नाताळापर्यंत आडवा पडतो. १४-१५ डिसेंबरला पेरावा, नाचणी दोन-तीन दिवस आधी. मुलांना रोजचे पाणी घालायला दिले की वाट पाहणे त्यांच्या अंगवळणी पडते.

कुठे बिघडते

गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात फेस्त असते, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे. म्हणजे आगमनकाळाचे पहिले दिवस तिथे गर्दीचेच असतात. निवांत मिळतो तो ९ ते १५ च्या सुमारास, आणि मौनाचा एखादा दिवस काढायचा तर तो तेव्हाच काढावा. त्यानंतर कलकल, नेवऱ्या, दोदोल या नाताळच्या गोड पदार्थांची गडबड सुरू होते. वसईत तरुण मंडळी गोठे आणि तारे उभारण्यासाठी मध्यरात्रीपर्यंत जागतात. ती मेहनत भक्तीचीच आहे. पण स्पर्धेच्या नादात प्रार्थना मागे पडते. कामाला हात लावण्याआधी सर्वांनी मिळून पाच मिनिटे एक उतारा वाचला तरी फरक पडतो. गोठ्यातली गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांना तर प्रकटीकरणाच्या, म्हणजे त्या भेटीच्या, सणापर्यंत दूरच उभे करावे.

पापनिवेदनासाठी शेवटच्या तीन दिवसांत रांगा लागतात. तेव्हा धर्मगुरूंना दोन शब्द बोलायलाही उसंत नसते. तिसऱ्या रविवारच्या आत जावे. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच दिवशी फार मोठा संकल्प करणे. तासभर ध्यान, रोज मिस्सा, गोड बंद असे सगळे एकदम धरले की एक दिवस चुकताच सारे सुटते. एकच नेम ठरलेल्या वेळी करावा. चुकलेला दिवस भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये.

धीर धरा हे वाक्य कोणालाही, कधीही ऐकवायचे नसते. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, किंवा जो माणूस खिन्नतेने खचला आहे, त्याला लांब मौन जाचक होते. त्याच्यासोबत बसून थोडे वाचावे. अन्याय निमूट सोसण्यालाही आगमनकाळाचा धीर म्हणत नाहीत. याच काळातल्या संदेष्ट्यांच्या वाचनांत दीनांच्या न्यायाची मागणी आहे. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाद्रींनी नोव्हेंबर १९४३ मध्ये लिहिले की कोठडीचे दार बाहेरूनच उघडता येते, आणि आगमनकाळ असाच आहे. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्याच तुरुंगात हातांत बेड्या असताना आल्फ्रेड डेल्प या जेज्विट धर्मगुरूंनी आगमनकाळावर चिंतने लिहिली. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी दिली गेली. दोघेही हिटलरच्या राजवटीला विरोध केल्यामुळे तिथे होते.

आगमनकाळ २४ डिसेंबरच्या संध्याप्रार्थनेपूर्वी संपतो. तिथून जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ चालतो. गोठा, तारे आणि नाताळची गाणी यांचा हक्काचा काळ तो आहे, म्हणून २६ तारखेला देखावा उतरवायची घाई करू नये.