पांढरं पडलेलं मिग

दुपारचे तीन, बाहेर ४० अंश. संभाजीनगरात मे महिन्यात याचं कुणाला काही वाटत नाही. मागच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि त्याच्या अगदी समोर, टेबलावर, मी वीतभर लांबीच्या मिग-२१ लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलवर चकचकीत लॅकर मारत होतो. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारा ब्रश, पंखावरून पुढं सरकला, मागं काचेसारखा ओला थर राहिला. मनासारखं काम झालं म्हणून मी मान वर केली, चहाचा घोट घेतला आणि परत खाली पाहिलं तर पंख दुधाळ झालेला. खालचे हिरवे-करडे पट्टे धुक्यात गेल्यासारखे.

त्या एका किटवर, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या मॉडेलवर, तीन वेळा पांढरं आलं. आधी कॉकपिटच्या काचेवर, मग या लॅकरमध्ये, शेवटी डिकलखाली, म्हणजे वर चिकटवायच्या चित्राखाली. मी पांढऱ्या रंगाची बाटली उघडलीसुद्धा नव्हती.

आधी किटबद्दल थोडं. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ साली आलं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात ते बांधलं गेलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये त्यानं निरोप घेतला. खऱ्या विमानाच्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर. माझं किट १/७२ मापाचं, म्हणजे पंखांची रुंदी जेमतेम १० सेंटिमीटर. हा ७२ चा आकडा विचित्र वाटतो, पण फूट-इंचात मोजणाऱ्यांना तो सोपा होता: १ इंच म्हणजे ६ फूट. इंग्लंडमध्ये १९३६ साली फ्रॉग कंपनीची ‘पेंग्विन’ किटं याच मापात निघाली. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं शाळेतल्या पोरांकडून याच मापाची लाकडी विमानं करून मागवली, ५० प्रकारची मिळून ५ लाख. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना झटकन ओळखता यावं म्हणून. ३५ फुटांवर धरलेलं १/७२ चं विमान जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. मॉडेल हे खेळणं नसून अंतराचं गणित आहे, असं मी बायकोला सांगून पाहिलं आहे. पटलेलं नाही.

पेशानं मी मोल्डिंगवाला. वाळूजला दुचाकीचे प्लास्टिकचे भाग काढण्यात माझा दिवस जातो. त्यामुळं किटचा डबा उघडला की मला विमानाआधी डाय, म्हणजे त्याचा साचा, दिसते. पॉलिस्टायरिनचा दाणा २०० अंशांच्या वर वितळवून दाबानं डायमध्ये भरतात. भाग ज्या काडीला लटकलेले असतात तो रनर. दोन अर्ध्या डाय जिथं मिटतात तिथं बारीक रेघ येते, आणि पिना जिथून माल बाहेर ढकलतात तिथं गोल छाप उमटतात. जिथं भाग जाड, तिथं आतलं प्लास्टिक उशिरा थंड होतं आणि आकसताना वरची कातडी आत ओढतं. पंखाच्या बुडाशी ही खळगी हमखास सापडते. किट करणारे या सगळ्याला वैतागतात. मला मात्र ती डाय करणाऱ्याची सही वाटते.

हे प्लास्टिक ओळखायची एक घरगुती रीत आहे. रनरचा तुकडा पाण्यात टाका, बुडेल. आता त्याच ग्लासात दोन-तीन मोठे चमचे मीठ विरघळवा, तो वर येईल. पॉलिस्टायरिनची घनता पाण्यापेक्षा जेमतेम ५ टक्क्यांनी जास्त असते, तेवढी कसर मीठ भरून काढतं. आणि भाग जोडण्याआधी साबणाच्या पाण्यानं धुवायचे. माल सुटावा म्हणून डायवर सिलिकॉन मारलेलं असू शकतं, त्यावर रंग धरत नाही. आमच्या शॉपमध्ये हे नव्या पोरालाही माहीत असतं, तरी माझं पहिलं किट मी न धुताच रंगवलं होतं.

जोडणीचा द्रव म्हणजे गोंद नव्हेच. तो दोन्ही कडांचं प्लास्टिक विरघळवतो, दोन्हीकडचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात, द्रव उडून जातो आणि उरतो तो एकसंध तुकडा. वेल्डिंगच म्हणा, फक्त आचेविना. कॉकपिटच्या काचेला मात्र हा द्रव लावायचा नाही, एक थेंब सांडला तरी पारदर्शक भाग कायमचा डागतो. म्हणून मी शहाणपणा केला आणि सुपरग्लू घेतला.

सुपरग्लू वाळत नाही, तो ओलाव्यानं घट्ट होतो. हवेतली वाफ लागली की त्याचे सुटे रेणू साखळीत जुळतात. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत ते सावकाश होतं. मला धीर नव्हता. आणखी एक थेंब लावला, वर फुंकर मारली आणि धूळ बसू नये म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा उपडा घातला. एकाच वेळी तीन चुका. सुपरग्लूचे न जुळलेले रेणू वाफ होऊन हवेत जातात. माझ्या डब्यात ते कोंडले, फुंकरीच्या ओलाव्यात काचेवरच जुळले आणि बारीक दाण्यांचा थर होऊन बसले. सकाळी डबा उचलला तर आतला वैमानिक मोतीबिंदू झाल्यासारखा.

आता हे पांढरं येतं कुठून? घट्ट झालेल्या सुपरग्लूला स्वतःचा रंग नाही. उत्तर आपल्या शेतात आहे. कापसाच्या बोंडातला एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो पारदर्शक दिसतो. प्रकाश हवेतून धाग्यात शिरताना थोडा वळतो, थोडा परततो. धाग्यातून हवेत येताना पुन्हा तेच. बोंडात असे हजारो उंबरठे असतात. प्रकाश सगळीकडे उधळतो, सगळे रंग सारखेच उधळतात आणि डोळ्याला ते पांढरं दिसतं. मीठ, साखर, पाण्यावरचा फेस, सगळ्यांची हीच गोष्ट. उंबरठा किती उंच हे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो तो आकडा, सांगतो: हवेचा १, पाण्याचा १.३३, पॉलिस्टायरिनचा १.५९. दोन आकड्यांत फरक जास्त तेवढा प्रकाश परततो. कापूस ओला केला की धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, फरक कमी होतो, पांढरेपणा उतरतो. बाथरूमच्या दुधी काचेवर पाणी मारलं की पलीकडचं दिसू लागतं तेही याचमुळं. मी काच अलगद उचकटून पारदर्शक अॅक्रिलिक व्हार्निशमध्ये बुडवली. दाण्यांमधल्या फटी भरल्या आणि वैमानिकाला परत दिसू लागलं. मग ती साध्या फेव्हिकॉलनं चिकटवली, जे पहिल्यांदाच करायला हवं होतं.

मधे एक किरकोळ भानगड झाली. मिगचा त्रिकोणी पंख बराच मागं, चाकंही त्याच्याच आसपास. सगळं जोडून टेबलावर ठेवलं तर नाक आकाशाकडं. बैलगाडी उलाळ होते तसं. ज्यांनी कडब्याची गाडी भरली आहे त्यांना तरफेचा नियम शिकवावा लागत नाही. आसाच्या मागं ओझं जास्त झालं की जू वर जातं, मग थोडा माल पुढं सरकवायचा. इथं मागची दोन चाकं म्हणजे आस. नाकातल्या शंकूत शिशाचे छर्रे भरले की तीन चाकांवर नीट उभं राहतं. छर्रे आसापासून जितके लांब तितके कमी लागतात, म्हणून ते थेट टोकाला कोंबायचे.

रंगाच्या वेळी पहिला झगडा उन्हाळ्याशीच. एअरब्रशमधून निघालेला थेंब इतका बारीक असतो की कोरड्या गरम हवेत तो वाटेतच अर्धा वाळतो. विमानावर पोचतो तो रंग नसून रवा. बोट फिरवलं तर पॉलिश पेपर. किटच्या कागदावर लिहिलेलं अंतर आणि दाब थंड मुलुखासाठी असावेत, आपल्याकडं ब्रश जवळ आणायचा, दाब उतरवायचा आणि पहाटे बसायचं. मी पहाटे उठणाऱ्यांतला नाही. खोली थंड केली की झालं, असा विचार करून टेबल कूलरसमोर सरकवलं. रंग खरंच गुळगुळीत बसला. मग डिकलआधीचा चकचकीत हात द्यायला हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर लॅकर घेतलं (किटवाल्यांचं व्हार्निश महाग पडतं) आणि ते दुधाळ झालं.

शेजाऱ्यांकडं फर्निचरचं काम चालू होतं. तिथल्या पॉलिशवाल्या मामांना पंख नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि विचारलं, “पाऊस तर न्हाई, मग हे पांढरं कसं पडलं? कूलर होता का म्होरं?”

मी हो म्हणालो.

“मग पाणी बसलंय त्याच्यावर. पावसाळ्यात आम्ही पॉलिशला हात लावत न्हाई ते ह्याच्याचपायी. आदी कूलर बंद करायला लागतंय, भाऊ.”

रात्री कागद घेऊन बसलो. बाहेरची हवा ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर तिचा दवबिंदू ८ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे एखादी वस्तू ८ अंशांपर्यंत गार झाल्याशिवाय तिच्यावर दव धरणार नाही. मे महिन्यात टेबलावर तसं काही नसतं. कूलर हवा थंड करतो ते पाणी उडवून. माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पण उडालेलं पाणी जातं कुठं? माझ्याच खोलीत. कूलरच्या ओल्या गवतातून आलेली हवा २४ अंशांवर आली तर तिची आर्द्रता ७० टक्क्यांच्या घरात आणि दवबिंदू १८ वर. भर मे महिन्यात माझ्या टेबलावर श्रावण आला होता.

आता दुसरं उडणं. इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट लावलं की गार लागतं. लॅकरमधलं थिनर तसंच भराभर उडतं आणि ओल्या थराला थंड करतं. २४ वरून १८ च्या खाली यायला सहा-सात अंशच लागतात, ते थिनर सहज करतं. झालं, थरावर दव धरलं. लॅकरमधलं नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, पाणी आत आलं की ते ठिकठिकाणी साकळतं. पुढं पाणी उडून जातं आणि थरात सूक्ष्म पोकळ्या उरतात. हवेनं भरलेल्या. पुन्हा तेच हजारो उंबरठे, पुन्हा कापसाचं बोंड.

यातली मजा अशी की नायट्रोसेल्युलोज बनतंच मुळी सेल्युलोजपासून, आणि त्यासाठी सरकीवर जिनिंगनंतर उरणारी आखूड लव वापरली जाते. पारदर्शक केलेला कापूस कूलरच्या एका झोतानं मी परत पांढरा करून दाखवला होता.

मामांनी छोट्या बाटलीत रिटार्डर दिला. तो सावकाश उडणारा द्रव असतो. थिनरमध्ये थोडा मिसळून, कूलर बंद करून, घाम गाळत, तोंडाला मास्क बांधून आणि खिडकी उघडी ठेवून त्याची नुसती धुई मारली. थर वरवर परत विरघळला, पोकळ्या मिटल्या आणि हिरवे-करडे पट्टे परत वर आले. पाच मिनिटांत. छायाचित्र धुताना चित्र उमटायचं, तसंच काहीसं.

रंगांवरून एक जुना वाद सांगून टाकतो. छोट्या मॉडेलला विमानाचा खराखुरा रंग लावला तर तो गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा, असं जाणते सांगतात. कारण म्हणून हवेचा दाखला देतात: दुरून देवगिरीचा डोंगर निळसर-फिका दिसतो, तसं. मला हे पटत नाही. फूटभरावरून पाहिलेलं मॉडेल म्हणजे ७२ फुटांवरचं विमान, आणि ७२ फुटांची हवा रंग फिका करत असती तर समोरच्या घराची भिंतही फिकी दिसली असती. खरं कारण डोळ्यात असावं. भिंतीचा रंग निवडताना शेड कार्डावरचा इंचभर चौकोन आणि रंगवलेली अख्खी भिंत कधीच सारखे दिसत नाहीत. मोठ्या पृष्ठावर तोच रंग जास्त उजळ वाटतो. मॉडेल म्हणजे शेड कार्ड. तेव्हा पांढरा मिसळा, पण डोंगराला मधे आणू नका.

तिसरं पांढरं शुद्ध आळसाचं. डिकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची पातळ फिल्म, मागं डिंकाचा थर. केशरी कडं, आत पांढरं, मधे हिरवं अशी हवाई दलाची वर्तुळं वरच्या बाजूला सुरेख बसली. खालची बाजू दुरुस्तीनंतर मी परत चकचकीत केलीच नव्हती, उलटं करून कोण बघतंय म्हणून. मॅट रंग म्हणजे सूक्ष्म खड्डे. फिल्म खड्ड्यांवरून पुलासारखी गेली, खाली हवा अडकली आणि वर्तुळाभोवतीची पारदर्शक कड चंदेरी चमकू लागली.

यावर उपाय सुईचा. कडेला बारीक भोकं पाडायची आणि फिल्म मऊ करणारा द्रव ब्रशच्या टोकानं टेकवायचा. भिंगातून पाहताना भोकाभोवती आधी एक गडद ठिपका येतो. मग द्रव खड्ड्याखड्ड्यांतून आपला आपण सरकत जातो आणि चांदी मागं हटते, वाळूवर लाट पसरावी तशी. उजव्या पंखाखाली तासाभरात सगळी गेली. डाव्या पंखाखाली इंधनाच्या टाकीच्या आड ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका आहे. तिथं सुई पोचत नाही.