ग्लॉसी फर्निचरवरचा स्टिकरचा चिकट गम काढणं

स्टिकर, सेलोटेप, लेबल किंवा नव्या फर्निचरवरची प्लास्टिकची फिल्म ओढून काढली की खाली जो चिकट थर उरतो, तो वरच्या चकाकीला धक्का न लावता उतरवायचं हे काम. दिसायला किरकोळ आहे, पण फर्निचरची वाट लागते ती गममुळे कमी आणि तो काढायच्या घाईत जास्त. गम नुसता चिकटलेला असतो, तो कधी ना कधी निघतोच, पॉलिश एकदा गेलं की गेलं.

स्टिकरचा गम हा फेविकॉलसारखा वाळून कडक होणारा गोंद नाही. तो रबर नाहीतर ॲक्रिलिकपासून बनवतात आणि कायम मऊ राहावा, नुसता दाबला तरी चिकटावा अशीच त्याची रचना असते. नवा असताना तो कागदासकट अख्खा उचलला जातो. पण महिनोन्महिने ऊन-उष्णता खाल्ली की, खासकरून रबरवाला, आधी लिबलिबीत होतो आणि मग वाळून पिवळा-ठिसूळ होतो, त्यात कागद फाटून वर येतो आणि गम खालीच राहतो. गंमत म्हणजे मास्किंग टेपचा जन्मच या दुखण्यातून झाला. अमेरिकेत गाड्या दोन रंगांत रंगवताना कागद गोंदाने चिकटवायचे आणि तो काढताना ताजा रंगही सोबत निघायचा, त्यावर थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी 1925 मध्ये अलगद सुटणारी टेप काढली. अर्थात तीसुद्धा वेळेत काढली तरच अलगद सुटते.

आता मुख्य मुद्दा. गम कुठला आहे यापेक्षा खालचं फिनिश कुठलं आहे हे आधी बघायचं, कारण लोक नेमकं इथेच चुकतात आणि हाताला लागेल ते थिनर ओततात. जुन्या लाकडी फर्निचरवर फ्रेंच पॉलिश असेल तर ते लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्येच, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळवून लावलेली असते, त्यामुळे तिथे स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावणं म्हणजे पॉलिश पुसून काढणंच. गरम हवा आणि पाणीही तिला सोसत नाही, पांढुरके डाग पडतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर थिनर आणि ॲसिटोनने विरघळतं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं फिनिश, बऱ्यापैकी दणकट, थोडा वेळ स्पिरिट लागलं तर सहसा काही होत नाही. सनमायका म्हणजे लॅमिनेट त्याहून दणकट, फक्त कडेची पट्टी आणि जोड सांभाळायचे, तिथून पातळ द्रव आत शिरला की खालचा गोंद सुटतो. सगळ्यात फसवं म्हणजे हाय-ग्लॉस ॲक्रिलिक. काचेसारखं दिसतं म्हणून लोक काचेसारखंच वागवतात, आणि ॲसिटोन किंवा कडक स्पिरिट लागलं की त्यात केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं उमटतं, ते परत जात नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा हेच ॲसिटोन असतं. काय फिनिश आहे ते कळतच नसेल तर दाराच्या आतल्या बाजूला किंवा टेबलाच्या खाली कापसाने एक थेंब लावून बघायचा. कापसाला रंग आला, जागा चिकट झाली किंवा चमक मेली तर ते द्रव बाद.

पद्धत सौम्यापासून सुरू करायची. उरलेला कागद आधी कोमट साबणपाण्याच्या ओलसर फडक्याने मऊ करून काढावा (फ्रेंच पॉलिशवर मात्र पाणी नको), कारण वर कागद असेल तर पुढे लावायचं तेल गमपर्यंत नीट पोचत नाही. गम ताजा असेल तर अंगठ्याच्या मऊ भागाने एका दिशेने रेटत राहिलं की त्याच्या छोट्या वळ्या होतात आणि त्या वळ्याच बाकीचा गम गोळा करतात, नाहीतर त्यावर दुसरी चांगली टेप दाबून झटक्यात उचलायची, हे फ्रेंच पॉलिश सोडून कुठेही चालतं. तेवढ्याने नाही भागलं तर खोबरेल किंवा खाण्याचं कुठलंही तेल. तेल कापसावर घेऊन डागावर ठेवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं अजिबात हात लावायचा नाही! तेल कडेकडून आत शिरतं, गम फुगतो, त्याची पकड सुटते, मग मायक्रोफायबरने न घासता ढकलत काढायचा. लाकूड उघडं असेल तिथे मात्र तेल नको, डाग मुरतो. तेलानेही ऐकत नसेल तर व्हाइट स्पिरिट, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन (वर सांगितलेलं अल्कोहोलचं स्पिरिट नव्हे), फडक्यावर थोडंसं घेऊन, तेही आधी लपलेल्या जागी बघून, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास आग नसताना. शेवटी, फ्रेंच पॉलिश सोडून, साबणाचं पाणी आणि लगेच कोरडं फडकं.

हेअर ड्रायरने गम पटकन मऊ होतो हे खरं, पण कमी हीटवर आणि सतत हलवत ठेवूनच, कारण एका जागी धरला तर लॅमिनेट कडेने उचलतं. हीट गनचं नावच नको. ब्लेड, तारेची घासणी, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा हे सगळं टाळावं. मॅजिक इरेजर नावाचा पांढरा स्पंजसुद्धा मुळात अतिशय बारीक पॉलिशपेपरच असतो, तो गम काढतो आणि चमकही. चकाकी म्हणजे पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा, त्यावर बारीक चरे पडले की उजेड विखुरतो आणि तेवढाच पट्टा धुरकट दिसतो.

सगळं निघाल्यावरही कधीकधी स्टिकरच्या आकाराची छटा उरते. बोटाला चिकट लागत नसेल तर तो गम नाहीच, आजूबाजूचं फिनिश उन्हाने बदललंय आणि झाकलेला भाग मूळ रंगाचा राहिलाय. ते घासून जाणार नाही, उजेडात राहिल्यावर कालांतराने थोडं जुळून येतं. तिथे पुढे पुन्हा पॉलिश करून घ्यायचा विचार असेल तर आत्ता सिलिकॉनवाला चमक-स्प्रे मारू नये, सिलिकॉन राहिलं की नव्या थरात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि पॉलिशवाला वैतागतो.