अमिगाची हार्ड डिस्क आणि ४ जीबीचे कुंपण: पार्श्वभूमी

अमिगा हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक. अशा जुन्या अमिगाला हार्ड डिस्कच्या जागी सीएफ कार्ड (कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड) जोडले, पार्टिशन पाडले, सिस्टिम बसवली. काही आठवडे सगळे सुरळीत चालले आणि एके दिवशी मशीन बूटच होईना. खापर फुटते ते कार्डावर. नवे कार्ड घातले की पुन्हा काही आठवडे चालते, त्यामुळे तो संशय पक्काच होतो. खरे कारण मात्र १९८५ सालच्या एका निर्णयात आहे.

तेव्हाची अमिगा ८८० केबीच्या फ्लॉपीवर चालायची. हार्ड डिस्कवरून थेट बूट होणे किकस्टार्ट या रॉममधल्या मूळ सॉफ्टवेअरच्या १.३ आवृत्तीपासून जमू लागले. डिस्कच्या पहिल्या १६ ब्लॉकांत कुठेतरी आरडीबी (रिजिड डिस्क ब्लॉक) बसते, तिच्यात पार्टिशनची नोंद आणि हवी तर फाइलींची मांडणी सांभाळणारी फाइलसिस्टिमसुद्धा. १९९२च्या ए६०० आणि ए१२०० या मॉडेलांत डिस्क जोडण्याची आयडीई ही पद्धत आली, पण रॉममधल्या ड्रायव्हरचे नाव स्कझी या दुसऱ्या पद्धतीवरून ‘स्कझी डॉट डिव्हाइस’च राहिले. अमिगात ड्रायव्हरलाच डिव्हाइस म्हणतात, हे ठाऊक नसलेला माणूस मशीनमध्ये नसलेली स्कझी शोधत बसतो.

आता तो निर्णय. फाइलसिस्टिम ड्रायव्हरकडे मागणी करते तेव्हा डिस्कवरची जागा ३२ बिटांत सांगते, आणि तीही ब्लॉकांत नव्हे, बाइटांत. ५१२ बाइटांचे ब्लॉक मोजले असते तर त्याच ३२ बिटांत २ टीबी मावले असते. बाइट मोजल्यामुळे ४ जीबीला आकडा संपतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणजे ४ जीबीच्या पलीकडे लिहायला गेलेला मजकूर डिस्कच्या सुरुवातीला, थेट आरडीबीवर जाऊन पडतो. डिस्क तिथवर भरेपर्यंत काहीच कळत नाही.

दुरुस्तीची वेळ आली तोवर निर्माती कंपनी १९९४मध्ये दिवाळखोरीत गेली होती. अधिकाराने ‘असे करा’ म्हणणारे कुणी उरले नाही आणि दोन वाटा फुटल्या. टीडी६४ या पद्धतीने ड्रायव्हरला देण्याच्या २४ ते २७ या क्रमांकांच्या चार नव्या आज्ञा जोडल्या. कंट्रोलर कार्डे बनवणाऱ्यांनी त्या लगेच उचलल्या. नंतर आलेल्या एनएसडी या दुसऱ्या पद्धतीने वेगळे क्रमांक घेतले आणि एक शिस्त घातली: आधी ड्रायव्हरला विचारायचे, तुला कोणत्या आज्ञा कळतात? गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की पत्त्याचे वरचे ३२ बिट दोघेही त्याच जुन्या रकान्यात ठेवतात. फरक क्रमांकांचा आणि विचारण्याचा, तरी त्यावर वर्षानुवर्षे हुज्जत चालली.

माझ्या मते एनएसडीचीच बाजू रास्त होती. एखाद्या जुन्या ड्रायव्हरने २४ क्रमांक आपल्या खासगी कामासाठी आधीच वापरलेला असू शकतो आणि तिथे न विचारता लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या डेटाशी खेळणे. पण ती आली उशिरा, तोवर टीडी६४ कार्डांच्या रॉममध्ये जाऊन बसले होते. म्हणून आजही फाइलसिस्टिम एक बोली बोलते आणि ड्रायव्हर दुसरी, मग ४ जीबीपलीकडचे पार्टिशन माउंट होत नाही. तिसरी वाट थेट स्कझी आज्ञांची. त्यात पत्ता ब्लॉकांत जातो, त्यामुळे हा तिढाच उरत नाही.

अमिगाच्या सिस्टिमच्या १९९९च्या ३.५ आवृत्तीत सुधारित ड्रायव्हर आला, पण तो डिस्कवरून चढायचा. तो चढेपर्यंत राज्य जुन्या रॉमचेच, म्हणून बूट पार्टिशन पहिल्या ४ जीबीच्या आत ठेवणे भाग होते. रॉममध्येच मोठ्या डिस्कची सोय झाली ती २०१८च्या ३.१.४मध्ये.

याच्याशी नेहमी गल्लत होते ती मॅक्सट्रान्सफरची, म्हणजे एका वेळी किती डेटा मागायचा त्या मर्यादेची. जुना आयडीई ड्रायव्हर एका दमात जास्त डेटा मागतो आणि काही डिस्क तो अर्धवट देतात. उपाय म्हणून ती मर्यादा १,३०,५६० बाइट, म्हणजे २५५ सेक्टर ठेवतात. लहान फाइली धड आणि मोठ्या आर्काइव्ह बिघडलेल्या, तेही पहिल्याच पार्टिशनवर, असे दिसले तर आधी हा आकडा पाहावा. आरडीबीच उडाली असेल, तर शेवटचे पार्टिशन कुठे संपते ते.