क्रियाकलाप-सिद्धांत आणि संघटनात्मक अध्ययन

संघटना कशी शिकते, याचे उत्तर एकेकट्या माणसाच्या डोक्यात न शोधता माणसे मिळून जे काम करतात त्यात शोधणारी विचारपरंपरा. तिचा उगम १९२०–३० च्या दशकांतील सोव्हिएत मानसशास्त्रात आहे. माणूस जगाला थेट भिडत नाही, मध्ये अवजार असते, खूण असते, भाषा असते, हे लेव्ह व्हिगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी मांडले. अलेक्सेई लेओन्तिएव्ह यांनी त्यात समूह आणला. त्यांचे हाकाऱ्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे: शिकारीत हाका घालणारा माणूस सावजाला स्वतःपासून दूर पळवतो. भुकेल्या माणसाने असे करणे उफराटेच. पण पुढे दबा धरून बसलेले सोबती दिसले की अर्थ लागतो.

संघटनांच्या अभ्यासाला हा सिद्धांत उपयोगी पडला तो मुख्यतः फिनलंडच्या यूर्यो एंगेस्ट्रॉम यांच्यामुळे. १९८७ मध्ये त्यांनी कर्ता, साधन आणि लक्ष्य यांच्या जोडीला नियम, समुदाय व श्रमविभागणी आणली. या घटकांत साचत गेलेले अंतर्विरोध हीच शिकण्याची प्रेरणा, असे ते मानतात. जे अजून कुणालाच येत नाही, ते काम करता करता घडवत शिकायचे. याला ‘विस्तारशील अध्ययन’ म्हणतात.

हे पुण्याच्या कचऱ्यावरून चांगले कळते. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. पूर्वी कुंडीतले विकण्याजोगे भंगार हेच लक्ष्य होते. आता तीच पिशवी नागरिकाला द्यायची सेवाही झाली. भंगाराचा भाव आणि सेवेचे मोल यांची ओढाताण त्या एका पिशवीत आहे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही कचरावेचक बायांची मागणी तर व्हिगोत्स्कींना अभिप्रेत असलेली खूणच: पुडी न उघडता आत काय आहे ते कळते, आणि वेगळे करण्याचे काम घराकडे सरकते.

१९९० च्या दशकात हेलसिंकीत ‘बदल-प्रयोगशाळा’ ही पद्धत आली. तिच्यात कामगार आपल्याच कामातील अडचणींच्या नोंदी समोर ठेवून नवी रीत आखतात. पुढे एकापेक्षा अधिक संस्थांच्या सीमेवरचे शिकणे अभ्यासात आले. दीर्घ आजारी मुलांची रुग्णालये आणि आरोग्यकेंद्रे यांच्यात होणारी फरफट, हे त्याचे गाजलेले उदाहरण. सत्ता आणि भावना यांना या चौकटीत पुरेशी जागा नाही, हा आक्षेप रास्त आहे. कुणाचा अंतर्विरोध ऐकला जातो, हे एंगेस्ट्रॉम यांनी या घटकांच्या काढलेल्या त्रिकोणी आकृतीत दिसत नाही. अलीकडच्या, चौथ्या पिढीच्या म्हटल्या जाणाऱ्या संशोधनात बेघरपणासारख्या प्रश्नांवर एकत्र येणाऱ्या अनेक संस्थांच्या आघाड्या अभ्यासल्या जातात.