आवर्तसारणीतली रिकामी घरे

आजच्या आवर्तसारणीत 118 मूलद्रव्ये आहेत: आडवी 7 आवर्तने, उभे 18 गण. गंमत म्हणजे ही मांडणी सुचली तेव्हा अणूच्या आत काय असते हे कोणालाच ठाऊक नव्हते. हाताशी होती ती अणुवस्तुमाने आणि गुणधर्म.

जर्मन रसायनतज्ज्ञ डोबेरायनर याने 1829 मध्ये सारख्या गुणांची त्रिके मांडली. लिथियमचे अणुवस्तुमान 7, पोटॅशियमचे 39. मधल्या सोडियमचे 23, दोघांची बरोबर सरासरी. पण सगळीच मूलद्रव्ये अशी तिघातिघांत बसेनात. 1865 मध्ये इंग्लंडच्या न्यूलँड्सला सरगम दिसली. आठवा स्वर पुन्हा सा, तसे लिथियमपासून आठवे सोडियम. कॅल्शियमनंतर सूर बिघडला. लंडनच्या सभेत तर त्याला विचारले गेले, 'मूलद्रव्ये वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का?'

1869 मध्ये रशियाच्या मेंडेलीव्हने त्या वेळी माहीत असलेली 63 मूलद्रव्ये वाढत्या अणुवस्तुमानाने लावली. गुणधर्म जुळेनात तिथे त्याने ओढूनताणून काही बसवले नाही, घर रिकामे सोडले. पुढे त्या घरांतल्या मूलद्रव्यांना त्याने तात्पुरती नावे दिली, एका-ॲल्युमिनियम वगैरे. त्यातला 'एका' संस्कृत 'एक'वरून घेतलेला. 1875 मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले, हेच ते एका-ॲल्युमिनियम. शोधकाने घनता 4.7 मोजली, मेंडेलीव्हने कळवले, ती 5.9 च्या आसपास हवी. धातू शुद्ध करून पुन्हा मोजला, तर घनता 5.9 भरली! ज्याने गॅलियम पाहिलेही नव्हते, त्याने ते हाताळणाऱ्याची चूक काढली होती. पाठोपाठ स्कँडियम (1879) आणि जर्मेनियम (1886) आपापल्या घरात आले. मात्र राजवायूंचा, म्हणजे हेलियम, निऑन यांसारख्या सहसा कशाशीही संयोग न पावणाऱ्या वायूंचा, अख्खा गण त्याच्याही नजरेतून निसटला होता.

एक कोडे उरले. टेल्युरियम (127.6) आयोडीनपेक्षा (126.9) जड, तरी मेंडेलीव्हने ते आधी ठेवले, कारण आयोडीनचे वागणे क्लोरीन-ब्रोमीनसारखे. टेल्युरियमचे अणुवस्तुमानच चुकीचे मोजले असावे, असे त्याला वाटे. ते चुकीचे नव्हते. 1913 मध्ये हेन्री मोजले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या प्रयोगांतून दाखवले, की खरा क्रम अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येचा आहे. टेल्युरियम 52, आयोडीन 53.