दक्षिण कॅलिफोर्नियातले हिवाळी वणवे आणि त्यांचा अंदाज

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत, म्हणजे व्हेंचुरा, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो या पट्ट्यात, ऐन थंडीत डिसेंबर-जानेवारीतसुद्धा मोठे वणवे लागतात. आपल्याकडे सह्याद्रीत वणवा म्हटलं की फेब्रुवारी ते मे, पावसाळ्यात वाढलेलं गवत वाळलं की. तिकडचं गणित उलटं आहे, पाऊस पडतो तोच मुळात साधारण नोव्हेंबर ते मार्च, उन्हाळा ठणठणीत कोरडा, त्यामुळं डोंगरावरची झुडपं (चॅपरल) सगळ्यात जास्त वाळलेली असतात ती हिवाळ्याच्या तोंडावर, आणि सांता आना वाऱ्याचा सीझनही नेमका तेव्हाच.

हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. नेवाडा-युटाहच्या उंच पठारावर थंड हवा साचून हाय प्रेशर तयार झालं की ती हवा खिंडीखिंडींतून किनाऱ्याकडे सुटते आणि खाली उतरताना दाबली जाऊन तापते, दर हजार मीटरला जवळपास १० अंश. निघताना गारठलेली हवा खाली पोचेपर्यंत उबदार आणि कमालीची कोरडी झालेली असते, ह्युमिडिटी कधीकधी १० टक्क्यांच्याही खाली.

वारा दरवर्षी येतो, त्यात नवल काही नाही. बघायचं एवढंच की त्याच्या आधी एक-दोन चांगले पाऊस होऊन गेले का नाही. झाले तर वारा कितीही सुटो, वणवा सहसा हाताबाहेर जात नाही. नाही झाले तर जानेवारीसुद्धा ऑक्टोबरसारखाच धोक्याचा.

२०२४-२५ मध्ये हेच झालं. आधीचे दोन हिवाळे भरपूर पावसाचे, गवत-झुडपं माजलेली, आणि मग २०२४ च्या मे महिन्यापासून जानेवारी उजाडेपर्यंत लॉस एंजेलिस शहरात पाऊस जवळजवळ नाहीच. ७ जानेवारी २०२५ ला पॅलिसेड्स आणि ईटन हे दोन वणवे एकाच दिवशी पेटले, दोन्ही मिळून १६ हजारांवर बांधकामं गेली, ३० च्या आसपास माणसं दगावली. वारा इतका की त्या रात्री पाणी टाकणारी विमानं-हेलिकॉप्टरं जमिनीवरच ठेवावी लागली. या भागात हिवाळ्यात विजा पडून आग लागणं दुर्मीळ, ठिणगी बहुतेक वेळा माणसाचीच किंवा विजेच्या तारांची, म्हणून जोराचा वारा येणार असला की वीज कंपन्या काही भागांतली लाईट आधीच बंद करतात. लोक वैतागतात, पण दुसरा झटपट उपाय तरी काय आहे.

अंदाजाचं काम दोन पातळ्यांवर चालतं. आयडाहो राज्यातल्या बॉइसी इथलं नॅशनल इंटरएजन्सी फायर सेंटर दर महिन्याच्या सुरुवातीला चार महिन्यांचं आउटलूक (वणव्याच्या धोक्याचा अंदाज) काढतं, त्यात प्रत्येक भाग 'नेहमीपेक्षा जास्त', 'नेहमीसारखा' किंवा 'कमी' असा रंगवलेला असतो. त्यासाठी दुष्काळाची स्थिती, ला निन्या-एल निन्यो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड की गरम), झुडपांतला ओलावा असं बरंच काही बघतात. फांद्या तोडून, तोलून, वाळवून परत तोलतात, आणि ओलावा कोरड्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या खाली गेला की धोका. ला निन्या असला की दक्षिण कॅलिफोर्निया कोरडा जायची शक्यता वाढते, पण त्यावर फार भरवसा ठेवू नये, २०२२-२३ ला ला निन्याच होता आणि पावसानं नुसतं झोडपलं होतं.

वारा नेमका कोणत्या दिवशी सुटणार हे मात्र महिन्याच्या आउटलूकमध्ये कळत नाही, ते फार तर आठवडाभर आधी दिसतं. मग नॅशनल वेदर सर्व्हिस (अमेरिकेचं सरकारी हवामान खातं) रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा, देते. ७ जानेवारीच्या वाऱ्यासाठी तर त्यातलीही सगळ्यात वरची, 'विशेष धोकादायक परिस्थिती'वाली वॉर्निंग आदल्या दिवशीच आलेली होती. म्हणजे अंदाज चुकला असं म्हणायला जागा नाही.

आणि पाऊस आला म्हणजे सुटलो असंही नसतं. ४ डिसेंबर २०१७ ला पेटलेल्या थॉमस वणव्यात २ लाख ८० हजार एकरांवर जंगल-झुडपं जळाली, तो पूर्ण आटोक्यात यायच्या आधीच ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे त्याच उघड्या पडलेल्या उतारांवर जोरदार सर कोसळली आणि माँटेसिटो गावात चिखल-दगडांचा लोंढा घुसून २३ जण गेले. म्हणून आता वणव्यानंतर पहिल्या मोठ्या पावसाआधी जळलेल्या डोंगराखालच्या वस्त्यांना वेगळा इशारा देतात, बऱ्याचदा घरं खाली करायलाही लावतात.