सीन वेगळा, प्रीसेट वेगळा: एक्स32 वाल्यांसाठी

बेरिंजर एक्स32 या डिजिटल साउंड मिक्सरवर स्क्रीनशेजारी सीन्स आणि लायब्ररी अशी दोन वेगळी बटणं दिलीयेत, तरी साउंडवाली बरीच पोरं सगळं सीनमध्येच सेव्ह करत बसतात आणि मग सहा महिन्यांनी तबल्याचा तो मस्त आवाज नेमका कुठल्या सीनमध्ये होता ते शोधत बसायची वेळ येते.

सीन म्हणजे त्या क्षणी अख्खा मिक्सर जसा आहे तसा. फेडर, म्यूट, मॉनिटरचे (स्टेजवर कलाकारांना ऐकू यायच्या स्पीकरचे) सेंड, इफेक्ट, सगळं. गेन (माइकचा सिग्नल आत किती वाढवून घ्यायचा ते) आणि 48 व्होल्ट (वायरीतून माइकला जाणारी फँटम पॉवर) सुद्धा त्यातच. लायब्ररीतला चॅनल प्रीसेट मात्र एकाच चॅनलचा, म्हणजे एका माइकच्या लाइनचा, त्याचा ईक्यू (आवाजाचा पोत), गेट, कॉम्प्रेसर वगैरे. सीनच्या 100 जागा आहेत, चॅनल लायब्ररीच्या पण 100, म्हणजे जागा नव्हती म्हणून सीनमध्ये ठेवलं असं काही नसतं.

खरा घोळ होतो दुसऱ्या हॉलमध्ये गेल्यावर. तबल्याच्या आवाजासाठी तुम्ही जुना सीन रिकॉल केला, म्हणजे परत लोड केला, की त्या एका तबल्यापायी बाकी सगळ्या चॅनलचे गेन पण बदलले, गायकाच्या मॉनिटरचं आत्ताच जमवलेलं सेटिंग गेलं, वर स्टेजवर वायरी वेगळ्या क्रमाने लागल्या असतील तर फँटम भलत्याच माइकला! सीन सेफ (ठरावीक गोष्टी रिकॉलमध्ये बदलू न देणारं सेटिंग) लावून काही गोष्टी वाचवता येतात हे मान्य, पण मुळात तिथे सीनची गरजच नव्हती, तबल्याचा प्रीसेट लोड केला असता की काम झालं असतं.

प्रीसेट लोड करताना पण एक बघा, काय काय उचलायचं ते स्क्रीनवर निवडता येतं, तिथे हेडअँप (गेन आणि फँटमचा भाग) काढून टाका. गेन हा त्या दिवशीच्या वादकाच्या हाताचा आणि माइक किती लांब लावलाय त्याचा असतो, तो साउंड चेकलाच ठरवायचा. ईक्यू पण नुसती सुरुवात म्हणूनच धरा, बंदिस्त हॉलमधला डग्गा उघड्या मैदानात तसाच वाजत नाही.

नाव टाकताना वाद्य आणि माइक दोन्ही टाका. ‘तबला नवीन’, ‘तबला फायनल’ याचा कुणालाच उपयोग नाही, ‘डग्गा 57’ (डग्ग्याला एसएम57 माइक) म्हटलं की मिक्सरवर बसलेल्या दुसऱ्या माणसालाही कळतं.

सीन कधी मग? नाटकात प्रवेशाप्रमाणे म्यूट बदलायचेत, ऑर्केस्ट्रात तीच मंडळी त्याच सेटअपवर परत येणारेत, तिथे सीनच हवा. दोनचारच गोष्टी बदलायच्या असतील तर स्निपेट आहे, तो वापरा.

आणि पेन ड्राइव्हवर दोन्हीचं बॅकअप घ्या. सीनची फाइल डॉट एससीएन, चॅनल प्रीसेटची डॉट सीएचएन, आणि नुसते सीन घेतलेत तर भाड्याने आलेल्या दुसऱ्या मिक्सरवर तुमची लायब्ररी येणार नाही.